रस्त्याकडेचा एकर आणि बर्लिनची सीट

प्रिय ताई,

मी कराड तालुक्यातली, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सीजीपीए 7.1. दुसऱ्या वर्षाला एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, एटीकेटी लागली होती, ती निघाली. मला जर्मनीत एमएस करायचं आहे. पुण्यातल्या एका कन्सल्टन्सीने सांगितलं की एवढ्या मार्कांवर सरकारी विद्यापीठ मिळणार नाही, पण बर्लिनच्या एका खासगी विद्यापीठात सीट पक्की आहे. फी वर्षाला साधारण 11 हजार युरो. सीट बुकिंगचे दीड लाख महिनाअखेरपर्यंत भरायचे आहेत. पप्पा साखर कारखान्यात क्लार्क आहेत, शेती तीन एकर. ते रस्त्याकडेचा एक एकर काढायला निघालेत. चुलते म्हणतात, पोरीवर एवढा पैसा घालून मिळणार काय? आई काही बोलत नाही. जर्मन मला अजिबात येत नाही, पण कोर्स इंग्रजीतून असल्यामुळे लागणार नाही असं कन्सल्टन्सीवाले म्हणतात. मी काय करू?

— एक विद्यार्थिनी, कराड


प्रिय मैत्रिणी,

दीड लाख भरू नकोस. आणि पप्पांना आज रात्रीच सांग, गिऱ्हाईक दारात आलं तरी इसार घेऊ नका. बाकीचं सावकाश बोलू.

त्या कन्सल्टन्सीवाल्याचं पोट कशावर चालतं ते आधी समजून घे. जर्मनीतली सरकारी विद्यापीठं विद्यार्थी आणून दिल्याबद्दल कुणाला कमिशन देत नाहीत. खासगी विद्यापीठं देतात. त्यामुळे तुझ्याकडून एक रुपयाही न घेता तो तुझी फाइल अगदी हसतमुखाने करेल, पण ती फाइल सरकारी विद्यापीठाकडे जाणार नाही. ‘तुझ्या मार्कांवर अवघड’ हे वाक्य तुझ्या मार्कशीटकडे न बघताही म्हणता येतं. सगळेच कन्सल्टंट लबाड असतात असं मी म्हणत नाही. ठरलेली फी घेऊन नीट काम करणारेही आहेत. पण महिनाअखेरीची घाई करणारा त्यातला नसतो.

आता मार्कांचं बघू. जर्मनीत 1 हा सर्वांत चांगला आणि 4 म्हणजे काठावर पास. आपले गुण त्या मापात बसवायला एक सूत्र वापरतात. तुझ्या पद्धतीतल्या सर्वोच्च गुणातून तुझे गुण वजा कर, त्याला सर्वोच्च आणि किमान पास गुण यांच्या फरकाने भाग, तीनने गुण आणि एक मिळव. दहापैकी 7.1 आणि पास व्हायला 4 धरले, तर तुझा आकडा येतो 2.45. बऱ्याच अभ्यासक्रमांची रेघ 2.5 वर असते, म्हणजे तू रेघेच्या आत आहेस, जेमतेम का होईना. आठव्या सेमिस्टरला गडबड होऊन 6.9 वर आलीस तर आकडा 2.55 होतो आणि तीच दारं बंद होतात. तेव्हा सध्या पुण्याच्या खेपा बंद कर आणि परीक्षेला बस. एम-थ्रीच्या एटीकेटीची फार काळजी करू नकोस. निघालेल्या एका विषयावरून सहसा कुणी अर्ज फेटाळत नाही.

अर्ज फेटाळले जातात ते विषय जुळत नाहीत म्हणून, आणि हे आपल्या मुलांना फार उशिरा कळतं. तिथला प्राध्यापक तुझा सिलॅबस उघडून बघतो. गणिताचे क्रेडिट किती, थर्मो आणि फ्लुइड किती, कंट्रोल इंजिनिअरिंग शिकलीस का. काही विद्यापीठं अमुक विषयाचे किमान इतके क्रेडिट हवेतच असं लिहूनच ठेवतात. मेकॅनिकलवाली मुलगी मेकाट्रॉनिक्सला अर्ज करते आणि इलेक्ट्रॉनिक्सचे क्रेडिट कमी पडून नापसंत होते, मग घरी सगळे म्हणतात मार्क कमी पडले. चारही वर्षांचा सिलॅबस तुझ्या विद्यापीठाच्या साइटवरून आत्ताच उतरवून ठेव. सिलॅबस बदलला की जुनी फाइल तिथून गायब होते.

अभ्यासक्रम शोधायला डाड या जर्मन सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेच्या साइटवर मोठा तक्ता आहे. भाषा, विषय, शहर, फी, सगळं गाळून बघता येतं. तिथे बस एक रविवारभर. नुसती मोठी नावं बघू नकोस. तुझ्यासारखीला होखशूल म्हणतात त्या, म्हणजे उपयोजित विज्ञानाच्या संस्था, फार बऱ्या. वर्ग लहान, कारखान्यांशी संबंध जवळचे, पदवी मास्टर्सचीच. आपल्याकडे कुणाला ही नावं माहीत नसतात, म्हणून मुलं तिकडे बघतच नाहीत.

बर्लिनच्या त्या विद्यापीठाचं नाव तू लिहिलेलं नाहीस. कळवलं असतंस तरी मी इथे छापलं नसतं. खासगी म्हणजे वाईटच असंही नाही. राज्याची मान्यता असलेली चांगली खासगी विद्यापीठं तिथे आहेत. मान्यता आहे का हे ‘होखशूलकोम्पास’ या यादीत दोन मिनिटांत दिसतं. पण आणखी एक प्रश्न लेखी विचार: वर्गात प्रत्यक्ष किती शिकवणार आणि ऑनलाइन किती? 2025 मध्ये बर्लिनमध्येच एका खासगी विद्यापीठाच्या भारतीय विद्यार्थ्यांना देश सोडण्याच्या नोटिसा आल्याच्या बातम्या होत्या. त्यांचा अभ्यासक्रम बराचसा ऑनलाइन आहे, त्यासाठी जर्मनीत राहायची गरज काय, असं तिथल्या परकीय नागरिक कार्यालयाचं म्हणणं होतं. मुलांनी फी भरली होती, कर्जं काढली होती. तुझ्या कन्सल्टंटला ही बातमी नक्की माहीत असणार. त्याने ती तुला सांगितली का?

आता पैसा. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नाही. अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला 1,500 युरो पडतात, आणि म्युनिकच्या टेक्निकल विद्यापीठाने 2024 च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे 4,000 ते 6,000 युरो लावले आहेत. बाकी ठिकाणी सेमिस्टरची वर्गणी असते, शंभर ते साडेतीनशे युरोंच्या घरात, आणि त्यात पुष्कळदा बस-ट्रामचा पासही येतो.

मग जर्मनी म्हटलं की घरोघरी ज्या 12 लाखांची धास्ती बसते ते कसले? ते ब्लॉक्ड अकाउंटचे. व्हिसासाठी एका वर्षाच्या राहण्याखाण्याचे 11,904 युरो आधी एका खात्यात अडकवून ठेवावे लागतात आणि तिथे गेल्यावर महिन्याला 992 युरो तुलाच परत मिळतात. पप्पांना हे नीट समजावून सांग, कारण ‘जर्मनीला 12 लाख भरले’ असं म्हटलं की गावात ती फी वाटते. खासगीच्या बाबतीत हे 12 लाख तर लागतातच, वर 11 हजार युरोंची फी. युरो शंभर रुपयांच्या आसपास धर आणि दोन वर्षांचा हिशोब कागदावर मांड. पहिल्या वर्षाचे 23 लाख होतात, तिकीट वेगळं. तुमच्याकडच्या रस्त्याकडेच्या एकराला काय भाव आहे ते पप्पांना ठाऊक. पण महिनाअखेरीच्या घाईत विकलेल्या जमिनीला तो भाव येत नाही, हे कराडच्या माणसाला मी काय सांगू? आणि सातबाऱ्यावर चुलत्यांचं नाव असेल, तर त्यांच्या सहीशिवाय काही हलायचं नाही. त्यांच्या त्या वाक्यामागे हेही असू शकतं.

कर्जाचं बघितलंत का? पत्रात त्याचा उल्लेखच नाही. राष्ट्रीयीकृत बँकांच्या शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, आईवडील सहकर्जदार लागतात. त्यापुढे तारण लागतं, आणि इथे शेतकऱ्याची मुलं अडकतात, कारण शेतजमीन बँका या कर्जाला सहसा तारण घेत नाहीत. एनए प्लॉट, फ्लॅट, एफडी, एलआयसीच्या पॉलिसी चालतात. पप्पांची नोकरी पक्की आहे, तेव्हा त्यांच्या पॉलिसी आणि पीएफ यांची बेरीज करा. बँकेत जाताना आधी शाखा व्यवस्थापकाकडे जाऊ नका, शैक्षणिक कर्ज कोण बघतं ते विचारा. छोट्या शाखेत परदेशाची फाइल कधी कुणी केलेलीच नसते, मग ‘असं कर्ज देत नाही’ हे उत्तर मिळतं. साताऱ्याची किंवा कोल्हापूरची मोठी शाखा गाठा. खासगी वित्तसंस्था तारणाशिवाय जास्त देतात, पण व्याज चढं असतं. कर्ज कुठूनही काढा, शिकत असताना निदान व्याज तरी दरमहा भरत राहा, नाहीतर दोन वर्षांनी मुद्दल बघून घाम फुटतो.

राज्य सरकारच्या परदेशी शिष्यवृत्त्याही आहेत. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आहे, इतर मागास, भटके-विमुक्त, मराठा-कुणबी, खुला प्रवर्ग यांच्यासाठीही वेगवेगळ्या खात्यांमार्फत योजना आहेत. त्यात उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते, त्यामुळे होखशूल त्यात बसत नाही. आखनसारखं विद्यापीठ मिळालं तर विचार करता येईल. त्या वर्षीची जाहिरात निघाली की ती मुळातून वाच, कुणी पाठवलेला सारांश नको.

माझं मत विचारशील तर यंदा जाऊच नकोस. पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरचं हिवाळी सत्र धर. पदवी हातात येईल, आणि मधल्या वर्षात पुण्याला चाकण-रांजणगावकडे ट्रेनी म्हणून नोकरी बघ. त्या पट्ट्यात जर्मन कंपन्या ढीगभर आहेत. शॉप फ्लोअरवर काढलेलं एक वर्ष अर्जातही दिसतं आणि तुझ्या डोक्यातही राहतं. संध्याकाळी जर्मन शिक. बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे. वर्षभर मान मोडून केलंस तर बी-वन, म्हणजे रोजचं बोलणं जमेल अशा पातळीपर्यंत पोचशील.

‘कोर्स इंग्रजीतून आहे, जर्मन लागत नाही’ हे त्याच माणसाचं वाक्य ना? वर्गात लागत नाही, हे खरं आहे. वर्गाबाहेर पाय टाकला की लागते. जर्मन नसेल तर विद्यार्थ्याला मिळणारं काम म्हणजे गोदामात खोकी उचलणं, सायकलवरून डबे पोचवणं. जर्मन येत असेल तर कंपनीत आपल्याच विषयातलं अर्धवेळ काम मिळतं. दोन्हीला किमान वेतन तेच, जानेवारी 2026 पासून तासाला 13.90 युरो, पण पदवीनंतर नोकरी शोधायला जे 18 महिने मिळतात त्यात खोक्यांचा अनुभव कुणी विचारत नाही. कामाला मर्यादाही आहे, वर्षाला 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे. ‘तिथे जाऊन कमावून फी भरेन’ हा हिशोब त्या मर्यादेत खासगीच्या फीला पुरत नाही.

अर्ज तू स्वतः भर. हे मी पैसे वाचवायला सांगत नाही. स्वतःचा ईमेल, स्वतःचा पासवर्ड. कन्सल्टन्सीने मुलांच्या नावाने ईमेल काढायचा, त्याचा पासवर्ड आपल्याकडे ठेवायचा आणि विद्यापीठाने पाठवलेलं पत्र मुलाच्या आधी त्यांनी वाचायचं, असं सर्रास चालतं. कुठे नकार आला, कुठे कागद मागितला, मुलाला पत्ता नसतो. बरीच विद्यापीठं ‘उनी-असिस्ट’ या एकाच खिडकीतून अर्ज घेतात. पहिल्याला 75 युरो, त्या सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला 30. आठ-नऊ अर्ज केलेस तरी पुण्याच्या त्या बुकिंगच्या रकमेच्या पाव हिस्सासुद्धा होत नाही. तुझं स्वतःविषयीचं पत्रही तूच लिही, मोडक्यातोडक्या इंग्रजीत का होईना. एम-थ्रीत का अडकलीस, मग कशी सुटलीस, कुठल्या मशीनवर काम केलंस, तेवढं पुरे. ‘लहानपणापासून यंत्रांची ओढ’ असलेली पत्रं तिथे गठ्ठ्याने येतात.

सुरुवात एपीएसच्या प्रमाणपत्रापासून कर. नोव्हेंबर 2022 पासून भारतीय विद्यार्थ्यांना ते सक्तीचं आहे. तुझी कागदपत्रं खरी आहेत का हे दिल्लीतलं कार्यालय तपासतं, फी 18 हजार रुपये. यात आठवडेच्या आठवडे जातात, म्हणून बाकी काही ठरायच्या आधी हे. आणि कागद पाठवण्याआधी सगळ्या मार्कशीट, पासपोर्ट आणि आधार एकमेकांशेजारी जमिनीवर पसरून नाव वाच. आपल्या बोर्डाच्या आणि विद्यापीठाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि नावाच्या रकान्यात वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. कुठे वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एका ‘ए’ने जास्त. गावात हे चालून जातं. पण विमानाचं तिकीट, ब्लॉक्ड अकाउंट आणि व्हिसाचा अर्ज या तिन्हींत पासपोर्टवरचंच नाव अक्षरन् अक्षर हवं, आणि पासपोर्टच दुरुस्त करायचा तर ते आत्ता, व्हिसाच्या तोंडावर नाही.

व्हिसा मुंबईच्या जर्मन वकिलातीकडून. त्यात एक बदल पुष्कळांना माहीत नाही. पूर्वी नकार आला तर फेरविचाराचा अर्ज करता यायचा, तो मार्ग जुलै 2025 पासून बंद झाला. आता नव्याने अर्ज, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात दावा. म्हणून पहिलीच फाइल चोख. कुणी ‘अनुभवाचं सर्टिफिकेट करून देतो’ म्हणाला तर तिथून उठ आणि घरी ये.

तिथे पोचल्यावर काय नेसायचं, काय खायचं हे तुला तिथली मराठी मुलं सांगतील, ते सोपं आहे. एवढंच, की साजूक तूप, पेढे, खवा, मांस यांतलं काही बॅगेत भरू नकोस. युरोपबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, कस्टमवाले काढून टाकतात. मेतकूट, भाजणी, चटण्या खुशाल ने.

परीक्षेचं मात्र इथूनच डोक्यात घालून जा. आपल्याला एटीकेटीची सवय. विषय राहिला तर पुढच्या सेमिस्टरला देऊ, नाही निघाला तर त्याच्या पुढच्या. तिथे बहुतेक विद्यापीठांत एका विषयाला तीन संधी. तिसऱ्यांदा सक्तीच्या विषयात नापास झालीस तर नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे कुठेही घेता येत नाही. पाठोपाठ राहण्याचा परवानाही धोक्यात येतो. शिवाय परीक्षेसाठी स्वतः ऑनलाइन नाव नोंदवावं लागतं, ठरलेल्या तारखेच्या आत. कॉलेजचा क्लार्क फॉर्म भरायला बोलावत नाही. पहिल्या सेमिस्टरला सहा विषयांची नोंदणी करून दोन नोकऱ्या धरणारी मुलं यातच बुडतात. तू पहिल्यांदा चारच विषय घे. दोन वर्षांचं मास्टर्स अडीच-तीन वर्षांत करणारे तिथे पुष्कळ आहेत, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मात्र घरचा हिशोब करताना अडीच वर्षांचाच कर.

चुलत्यांना उत्तर देत बसू नकोस. पप्पांनी विचारलं तर हा सगळा हिशोब वहीत मांडून दाखव: खासगीचा एका पानावर, सरकारीचा समोरच्या पानावर. आणि आईला एकदा वेगळं बसवून विचार, तिच्या मनात काय आहे. ती बोलत नाही याचा अर्थ तिला नको आहे असा तू धरलास का? पत्रावरून मला तरी तसं वाटलं नाही. कदाचित तिला पोरीच्या शिक्षणापेक्षा त्या एकराचं वाईट वाटत असेल, आणि ते बोलायची चोरी.

खोलीचं शेवटी लिहिते, कारण फसवणूक सगळ्यात जास्त तिथे होते. प्रवेश मिळाला त्याच दिवशी विद्यार्थी वसतिगृहाच्या यादीत नाव घाल. रांगा लांब असतात. ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असं लिहिणारा घरमालक नसतो. मोठ्या शहरात खोली महाग. म्युनिकला सातशे युरो सहज जातात, तर केमनिट्झ, माग्डेबुर्ग, इल्मेनाऊ अशा गावांत साडेतीनशे-चारशेत भागतं. 992 मधून विद्यार्थी आरोग्य विम्याचे दीडशेच्या आसपास गेले की उरतं किती, ते बघून शहर ठरव. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पालिकेत पत्त्याची नोंद करायची असते आणि त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो; तो देत नसेल तर ती खोली घेऊ नकोस. दारातल्या टपालपेटीवर पहिल्याच दिवशी स्वतःचं आडनाव चिकटव. बँकेचं कार्ड, विम्याचं पत्र, कराचा क्रमांक, सगळं टपालाने येतं, आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन ते परत घेऊन जातो. बँकेचं खातं चालू होईपर्यंत ब्लॉक्ड अकाउंटचा हप्ता सुरू होत नाही, म्हणून पहिल्या दोन महिन्यांचं भाडं आणि डिपॉझिट फॉरेक्स कार्डावर वेगळं घेऊन जा.

— ताई